धूसर निघाला तेव्हा

प्राणिसंग्रहालयात अस्वलांच्या पिंजऱ्यांवर एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला घरात नुसतं कसं बसावं हे कळत नाही. नानांचं तसंच झालं होतं. पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं. ते जुळलं, पण हातात काठी आली आणि एकट्याने राहणं सुटलं. मुलाने त्यांना सामानासकट उचलून आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आणलं आणि पंधरा दिवसांनी तो स्वतः जहाजावर निघून गेला. जहाजाच्या इंजिनांची देखभाल हे त्याचं काम. एकदा गेला की पाच महिने समुद्रावर. मागे राहिले सासरा आणि सून.

दोघंही स्वभावाने गरीब, आणि तीच पंचाईत होती. भांडखोर माणसं निदान भांडणापुरती तरी बोलतात. ही दोघं एकमेकांना इतकी जपायची की भांड्याला भांडं लागायचं नाही. “चहा ठेवू?” “ठेव.” “गोळी घेतलीत?” “घेतली.” एवढ्यावर दिवस मावळायचा.

सूनबाई दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या घडवायची. सकाळी सातला जायची आणि दुपारी तीनला परतायची, ती नखांत गुलाबी मेण आणि केसांवर पांढरी पूड घेऊन. हात धुवायची, चहाचा कप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसायची आणि कॉम्प्युटर सुरू करून तासभर कुठेतरी निघून जायची.

कुठे, ते नानांना पहिले काही आठवडे कळलं नाही. टेबल सोफ्यापासून चार हातांवर होतं. वर्तमानपत्राच्या वरच्या कडेवरून त्यांना फक्त उजेड दिसायचा. कधी फिकट निळा, कधी हिरवा, कधी दुधात हळद पडावी तसा. डोक्यावर पंख्याची घरघर, खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढतंय, आणि त्या उजेडातून पाणी वाहिल्याचा आवाज. नानांचे डोळे जड व्हायचे. झोपेत त्यांना गवत दिसायचं, कमरेएवढं उंच, आणि जाग आली की तेच गवत सूनबाईच्या पडद्यावर डुलत असायचं. आपली झोप कुठे संपली आणि पडदा कुठे सुरू झाला, याचा त्यांना थांग लागायचा नाही.

तो एक खेळ होता. देशोदेशीचे लोक एकाच वेळी तो खेळायचे. खेळातल्या मुलखाचं नाव धुकेरी. तिथे भर दिवसा दोन चंद्र असायचे, टेकड्या जमिनीपासून हातभर वर तरंगायच्या आणि नद्या मनात आलं तर चढावर वाहायच्या. लढाया होत्या, खजिने होते, पण सूनबाईला त्यांच्याशी देणंघेणं नव्हतं. ती तिथे जायची जनावरांसाठी. रानातलं जनावर माणसाळवायचं, आपल्या कुंपणात आणायचं, त्याचं खाणंपिणं आणि दुखणंखुपणं बघायचं. तिच्याकडे पाच होती. बटाटा नावाचा एक गोल केसाळ प्राणी चालायचा कंटाळा करून घरंगळायचा. वकील नावाचा पक्षी अखंड बोलायचा. मावशी म्हणजे पाठीवर गवत उगवलेलं म्हातारं कासव. शिवाय टाचणी हे बोटभर शिंगांचं हरीण आणि गोणपाट हा रेड्याएवढा ससा. प्रत्येकाच्या डोक्यावर दहा पानांची एक डहाळी तरंगायची. माणसाशी जवळीक वाढली की पानं हिरवी व्हायची, दुर्लक्ष झालं की पिवळी पडायची.

एके दुपारी सूनबाईने माऊस टेबलावर आपटला. “आज अकरावा दिवस,” ती पुटपुटली.

नानांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. पडद्यावर झाडांच्या कडेला धुक्यात एक जनावर उभं होतं. उंची घोड्याची, शेपूट कोल्ह्याचं, आणि डोक्यावर वाळक्या फांद्यांसारखी शिंगं, ज्यांच्या टोकांवर विझत आलेल्या निखाऱ्यांसारखे ठिपके लुकलुकत होते. खेळात त्याच्या जातीला धूसर म्हणायचे. सूनबाईची बोटभर बाहुली तळहातावर निळं फळ घेऊन त्याच्याकडे निघाली. पाच पावलांवर पोचली, तसं ते जनावर काचेवरच्या वाफेसारखं विरून गेलं.

“समोरून जाऊ नकोस,” नाना म्हणाले.

सूनबाई दचकली. नाना आपणहून काही बोलले याचाच तिला धक्का बसला होता.

“तू त्याच्यावर चाल करून जातेस,” नाना म्हणाले. “हातात फळ असलं म्हणून काय झालं? त्याला दिसतात ते रोखलेले दोन डोळे. फळ खाली ठेव, दहा पावलं मागे ये, त्याच्याकडे पाठ करून बस आणि दुसरं काहीतरी काम कर.”

“पण खेळाच्या माहितीत लिहिलंय की हातानेच भरवायचं.”

“लिहिणाऱ्याने कधी भरवलंय का?”

 धूसर पुन्हा दिसेपर्यंत सूनबाई थांबली, फळ गवतात ठेवलं, बाहुलीला मागे आणून पाठमोरी बसवलं आणि काटक्या गोळा करायला लावलं. पाच मिनिटं गेली. दहा गेली. चहावर साय धरली. मग बाहुलीसमोरच्या गवतावर एक सावली हळूच पसरली, फांद्याफांद्यांची, टोकांवर ठिपके असलेली. धूसर तिच्या पाठीशी येऊन उभा होता. त्याच्या डोक्यावरच्या डहाळीचं पहिलं पान हिरवं झालं.

“हलू नकोस,” नाना कुजबुजले, जणू ते जनावर खोलीतच होतं. सूनबाईने तोंडावर हात धरला होता आणि डोळे मोठे केले होते. दोघंही कितीतरी वेळ तशीच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली तेव्हा टेबलाशी दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या.

मग नानांच्या जिभेची गाठ सुटली ती सुटलीच. “त्या हरणाच्या पोटात काही जात नाही,” ते पहिल्याच आठवड्यात म्हणाले. सूनबाईने दाखवलं, की खेळाच्या हिशेबाने सगळ्यांचं खाणं पुरेपूर आहे. “हिशेब राहू दे. बघ तू. ससा हटत नाही तोवर ते कोपऱ्यात उभं राहतं, आणि ससा हटेपर्यंत उरतो नुसता चोथा.” टाचणीचं खाणं कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवल्यावर आठ दिवसांत तिची चार पानं वाढली. वकील उगाच बडबडत नाही, त्याला काम नाही म्हणून बडबडतो, हाही शोध नानांचाच. त्याला निरोप पोचवायला जुंपलं, तेव्हा कुंपणात जरा शांतता झाली. एका जुन्या कॅलेंडरच्या मागे नानांनी तक्ता आखला. कोणी कधी खायचं, कोणाशेजारी कोणी झोपायचं, कोणाला कोण दिसता कामा नये. तळाशी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘बटाट्याला दुपारी उठवू नये.’

“धूसरचं नाव काय ठेवायचं?” सूनबाईने विचारलं.

“घाई करू नकोस. जनावर आपलं नाव आपणच सांगतं.”

त्याने काही सांगितलं नाही, आणि तो धूसरच राहिला.

सूनबाईने नानांसाठीही एक बाहुला तयार केला. दोघं एकाच घराचे म्हणून कुंपण सामाईक. बाहुला धिप्पाड होता आणि त्याच्या खांद्यावर कुऱ्हाड होती.

“ही कशाला?”

“सगळ्यांना मिळते, नाना. सुरुवातीला.”

“टाक ती. कुऱ्हाडवाल्याजवळ कोण फिरकेल?”

पहिल्या दिवशी नाना तीनदा नदीत पडले आणि एकदा स्वतःच्याच कुंपणाबाहेर अडकले. पण बोटांना वळण लागलं. सूनबाई प्रयोगशाळेत असताना ते एकटे धुकेरीत फिरू लागले, काठीवाचून, न लंगडता, तरंगत्या टेकड्यांच्या सावलीतून. पायांखाली गवत दबायचं, शेजारी धूसर चालायचा. एकदा एका वळणावर नानांनी खरोखरच हात खाली सोडला, त्याच्या मानेवर ठेवायला, आणि तो टेबलाच्या कडेला लागला.

आठवड्यांमागून आठवडे गेले. धूसरची नऊ पानं हिरवी झाली होती, तेव्हा सूनबाईला दात कोरणारं नवं यंत्र शिकण्यासाठी नऊ दिवस दुसऱ्या गावी जावं लागलं. जाताना तिने फ्रिजपेक्षा कुंपणाबद्दलच जास्त सूचना दिल्या. “नाना, जीव तुमच्या हवाली करून चाललेय,” ती दारात म्हणाली. दोघंही हसली, पण नानांनी ते मनावर घेतलं.

पाच दिवस सुरळीत गेले. सहाव्या दिवशी सकाळी पडद्यावर अक्षरं उमटली. ‘उत्तरेचं वारं सुटलं आहे. धूसर तीन दिवसांत निघेल. फाटक बंद ठेवल्यास तो तुमच्याकडेच राहील.’

धुकेरीतलं गवत सगळं एका दिशेला वाकलं होतं. कुंपणाच्या उत्तर बाजूला धूसर चालत होता. आठ पावलं इकडे, वळण, आठ पावलं तिकडे, वळण. नानांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. ही चाल त्यांच्या चांगल्याच ओळखीची होती. पिंजऱ्यातलं जनावर असं चालू लागलं की मोठे साहेब म्हणायचे, व्यायाम करतंय. नानांना ठाऊक असायचं, ते बाहेरची वाट शोधतंय.

त्यांनी सूनबाईला फोन लावला. ती वर्गातून बाहेर आली आणि ऐकून घाबरली. “फाटक बंदच ठेवा, नाना. गेला तर परत येतोच असं नाही. एवढे दिवस लागलेत हो त्याला आणायला!”

“बरं,” नाना म्हणाले आणि फाटक लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशीही धूसर चालत होता. खाणं शिवलेलं नव्हतं. एक पान पिवळं पडलं होतं. नाना दुपारपर्यंत त्याच्यासमोर बसले. वारा पडद्यातून वाहत होता, आणि त्यांना डुलकी लागली असावी, कारण धूसरच्या जागी त्यांना काळी, भरगच्च केसांची पाठ दिसली. ते जागे झाले आणि सूनबाईच्या जेवणाच्या सुट्टीची वेळ बघून पुन्हा फोन केला.

“सूनबाई, तुला एक सांगायचंय. धूसरचं नाही. म्हणजे त्याचंच, पण आधी दुसरं.”

“सांगा ना.”

“माझ्याकडे एक अस्वल होतं. मादी. थोरली म्हणायचो आम्ही तिला. तीन महिन्यांची होती तेव्हा आली, मी बाटलीने दूध पाजलं. चौदा वर्षं माझ्या हाताखाली होती. मी आठ दिवसांची रजा घेतली आणि त्यातच तिला नेलं. लांबच्या अभयारण्यात, मोठी जागा, झाडं, तिच्यासाठी चांगलंच होतं सगळं. पण मला कुणी विचारलं नाही, सांगितलंही नाही. नेल्यावर फोन आला. तिला मी शेवटचं काय खाऊ घातलं, ते मला आठवत नाही गं. रोजच्यासारखं काहीतरी दिलं असेल आणि घाईत निघालो असेन.”

 सूनबाईने हळूच विचारलं, “रजा कशासाठी घेतली होती, नाना?”

“तुमच्या लग्नासाठी.”

पलीकडे थाळ्यांची खणखण चालू होती.

“लग्नाच्या दुसऱ्या दिवशी,” सूनबाई म्हणाली, “मी तुमच्यासाठी पाणी घेऊन आले होते. तुमच्या हातात फोन होता. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, उठलात आणि खोलीचं दार लावून घेतलंत. संध्याकाळपर्यंत उघडलं नाहीत.”

“आठवत नाही मला.”

“मला आठवतं. सहा वर्षं आठवतंय. मला वाटलं, मी तुम्हाला आवडले नाही.”

नानांना खुर्चीत बसवेना. ते काठी न घेताच उठले, खिडकीपर्यंत गेले आणि गजाला धरून उभे राहिले. “अगं वेडे,” एवढंच त्यांना जमलं. “अगं वेडे.” तिकडे ती रडत होती की हसत होती, ते फोनवर कळेना. बहुधा दोन्ही.

“नाना,” शेवटी ती नाक ओढून म्हणाली, “फाटक उघडा. पण उद्या उघडा, मी असताना. जेवणाच्या सुट्टीत येते मी.”

दुसऱ्या दिवशी ठीक एक वाजता सूनबाईची बाहुली धुकेरीत उतरली. सूनबाई स्वतः तिकडच्या उपाहारगृहात कोपऱ्यातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. दोघांनी कसलीही घाई केली नाही. सूनबाईने निळी फळं आणली होती, धूसरला आवडायची ती, आणि या वेळी त्याने खाल्ली. नानांनी त्याच्या पाठीवरून ब्रश फिरवला. खेळात ब्रश पाच वेळा फिरवला की पुरे, पुढे त्याचा काही उपयोग नसतो. नानांनी किती वेळा फिरवला ते कोणी मोजलं नाही. मावशी आपली गवताची पाठ घेऊन जवळ येऊन बसली. वकीलसुद्धा गप्प होता.

मग सूनबाई फोनवर म्हणाली, “नाना, तुम्ही उघडा.”

फाटक उघडलं. धूसर लगेच गेला नाही. उंबऱ्यावर थांबून त्याने वारा हुंगला, एकदा मान वळवून दोघांकडे पाहिलं आणि मग निघाला. आधी चालत, मग उड्या मारत, वाकलेल्या गवतावरून, तरंगत्या टेकड्यांखालून. शिंगांवरचे ठिपके लांबवर लुकलुकत राहिले. दोन्ही चंद्र फिकट झाले होते आणि वाऱ्याबरोबर आणखी कितीतरी धूसर उत्तरेकडे चालले होते, कुठून कुठून सुटलेले, आवाज न करता. त्यांतला आपला कोणता, ते थोड्या वेळाने ओळखू येईना.

“गेला,” सूनबाई म्हणाली.

“गेला,” नाना म्हणाले. त्यांना भूक लागली होती. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

सूनबाई परत आली आणि घर बोलकं झालं. तिने नानांना नव्या यंत्राचं कौतुक सांगितलं, सुळा घडवणं दाढेपेक्षा कसं अवघड ते सांगितलं. नानांनी कुठलं अस्वल कुठल्या रखवालदाराचा डबा पळवायचं ते सांगितलं. जहाजावरून मुलाचा फोन आला तेव्हा तो वैतागून म्हणाला, “अरे, मला कोणी बोलू देईल का?” धूसरची जागा मात्र त्यांनी रिकामीच ठेवली. तीन आठवडे झाले, तो आला नाही. सूनबाई रोज एकदा उत्तरेच्या बाजूला जाऊन यायची. नाना जायचे नाहीत.

चौथ्या आठवड्यात वकील एक निरोप घेऊन आला. खेळातल्या कुणा अनोळखी माणसाचा होता. तो स्वतःला नावाडी म्हणवत होता. ‘तुमच्या घराची खूण असलेला एक धूसर माझ्या नदीकाठी राहिला आहे. तब्येत ठणठणीत. परत धाडायची सोय आहे, धाडू का? की राहू दे? राहायचा असेल तर याला काय आवडतं ते तरी कळवा. माझ्या हातचं काही खात नाही.’

सूनबाईने निरोप दोनदा मोठ्याने वाचला आणि नानांकडे पाहिलं.

“तिथे रमलाय का, ते विचार,” नाना म्हणाले. “कुंपणाशी चालतो का, ते विचार.”

नावाड्याचं उत्तर लगेच आलं. कुंपण नाहीच, सगळा दिवस पाण्यात उभा असतो.

“मग राहू दे. लिहून घे.” आणि नानांनी सांगायला सुरुवात केली. फळं निळी, पण कच्ची नकोत. उन्हात खात नाही. अंगावर हात टाकण्याआधी आवाज द्यावा. सूनबाईची बोटं भराभर चालत होती. पानभर मजकूर झाला, तेव्हा तिने तो पाठवला आणि हात मांडीवर ठेवून बसली.

“नाना, थोरलीला काय आवडतं, ते तुम्हाला कुणी विचारलं होतं?”

“नाही.”

“आणि तुम्ही आपणहून सांगितलंत?”

नानांनी चष्मा काढून पुसला. “तिथे तिला बघणारी माणसं होती. शहाणीसुरती. मी कोण मधे तोंड घालणारा? आणि आता सहा वर्षं झाली. असेल, नसेल.”

सूनबाईने कॉम्प्युटरवर धुकेरी बंद केली आणि अभयारण्याच्या कचेरीचा नंबर शोधला. नाना ‘राहू दे, राहू दे’ म्हणत होते, पण फोन लागलासुद्धा होता. कचेरीने तो दुसरीकडे जोडून दिला. वाट बघताना सूनबाईने फोन नानांच्या हातात दिला आणि खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

“हॅलो?” एका बाईचा आवाज आला, मागे पक्ष्यांचा कलकलाट. “अस्वलांकडे मीच असते. कोण बोलतंय?”

नानांनी आपलं नाव सांगितलं, जुन्या प्राणिसंग्रहालयाचं सांगितलं.

“अहो, तुम्हीच का ते!” बाई म्हणाली. “तिच्या कागदांवर तुमचं नाव आहे. थोरली ना? आहे की. आत्ता माझ्यासमोर झाडाला पाठ घासतेय. म्हातारी झालीय, पण खाण्यात कोणाला ऐकत नाही.” मग तिचा आवाज जरा खाली आला. “बरं झालं तुमचा फोन आला. तिच्या पुढच्या डाव्या पंजाचं नख वाढलंय, आत वळतंय. पंजा काही केल्या देत नाही. बेशुद्ध करायचं म्हटलं तर या वयात भीती वाटते. तुम्ही कसं करायचात?”

नाना खुर्चीत सरळ झाले. त्यांचा उजवा हात आपोआप पुढे आला आणि हवेतच थांबला, जाळीसमोर थांबावा तसा.

“पंजा मागायचाच नाही,” ते म्हणाले. “आधी आपला हात जाळीच्या पट्टीवर ठेवायचा, बाहेरूनच, आणि गप्प बसायचं. तिला मोठा राग येतो तिच्याआधी कुणी तिथे हात ठेवला की. बरोबर त्यावर पंजा आणून टाकते. मग दुसऱ्याने खालून नख बघायचं. पण हे दुपारी करा. सकाळी तिच्या वाटेला जायचं नाही. कागद-पेन आहे का तुमच्याजवळ?”

“आहे, सांगा.”

“मग पहिल्यापासून सांगतो,” नाना म्हणाले. सूनबाई चहा ठेवायला उठली होती. ती तशीच परत बसली आणि ऐकू लागली.